इंटरनेटविना लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी अकोला जिल्ह्यातील एका शाळेच्या संगणक-शिक्षकांनी आम्हांला विचारले, "सर, आमचे बारा कॉम्प्युटर आता भंगारात द्यायचे का?" यंत्रे दहा-बारा वर्षांची होती, पण धडधाकट होती. त्यांच्यावर विंडोज ११ चढणार नव्हते. नवी यंत्रे घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते. या यंत्रांवर लिनक्स उत्तम चालेल असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आणि पुढच्याच शनिवारी खिशात एक पेनड्राइव्ह टाकून अमरावतीहून निघालो.

तो शनिवार वाया गेला. आम्ही नेलेली होती डेबियन या लिनक्स-वितरणाची छोटी प्रत, सुमारे पाऊण गिगाबाइटची. ती फक्त पाया घालते. खिडक्या, चित्रे, मराठी अक्षरे, कार्यालयीन कामाच्या आज्ञावल्या हे सगळे ती इंटरनेटवरून मागवते. प्रयोगशाळेत बसून आम्ही ही प्रत पन्नास वेळा तरी वापरली असेल; ती जाळ्यावर विसंबून आहे हे कधी जाणवलेच नव्हते. शाळेत मोबाइलचा संदेश खिडकीच्या एका कोपऱ्यात तेवढा मिळे, आणि तोही टिकत नसे. दोन तासांनी पहिले यंत्र सुरू झाले ते निव्वळ अक्षरांचा काळा पडदा घेऊन. शाळेतले शिपाईकाका मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "सर, हे तं नुसता काळा पडदाच दाखवून राह्यलं."

चूक आमची होती. ती दुरुस्त करताना जे शिकलो, ते मेळघाटातल्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या कोणत्याही शाळेला उपयोगी पडेल असे वाटते. शहरातल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये संचारबंदीच्या काळात खुद्द अमरावती शहरात काही दिवस इंटरनेट बंद होते.

मुळात लिनक्स इंटरनेटविना बसवणे ही काही अडचणीतली पळवाट नाही. लिनक्सचा प्रसार तसाच झाला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जाहीर केला. १९९३ मध्ये आलेले स्लॅकवेअर हे वितरण २४ फ्लॉपींवर मावत असे. एकेक फ्लॉपी घालत बसायचे आणि तेविसावी खराब निघाली की कपाळाला हात लावायचा. त्याच वर्षी इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही टेलिफोनच्या तारेवरून. सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची तर किती वेळ लागेल? ६५० मेगाबाइट म्हणजे ५२० कोटी बिट. भागाकार केला की सुमारे पन्नास तास येतात, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला! त्यामुळे संगणकविषयक मासिकांसोबत येणारी सीडी हाच तेव्हा लिनक्सचा राजमार्ग होता. पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी विनामूल्य टपालाने येत. एक सीडी दहा जणांनी उतरवून घेतली तरी त्यात चोरी नव्हती, कारण लिनक्सचा परवानाच प्रती काढायला आणि वाटायला मोकळीक देतो. शाळेच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. एका पेनड्राइव्हवरून बारा यंत्रे भरली तरी मुलांसमोर खोटे बोलावे लागत नाही.

आता थोडे गणित करू. समजा ६४ गिगाबाइटचा भरलेला पेनड्राइव्ह घेऊन आपण अमरावतीच्या बसस्थानकावरून अकोल्याच्या एसटीत बसलो. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, वेळ अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. ६४ गिगाबाइट म्हणजे ५१,२०० कोटी बिट. याला ९,००० ने भागले तर सेकंदाला सुमारे ५.७ कोटी बिट, म्हणजे ५७ मेगाबिट हा वेग येतो. आपल्या लाल डब्याचा हा वेग गावातल्या कितीतरी जोडण्यांना लाजवील. (याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्याचा गिनेस विक्रम झाला. रस्ता सुधारला की आपली 'बँडविड्थ' वाढते ती अशी.) अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या संगणक-जाळ्यांवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात चुंबकीय फितींनी भरलेल्या मोटारीचे असेच गणित आहे.

प्रामाणिकपणे हिशेब करायचा तर पेनड्राइव्ह भरायचा आणि रिता करायचा वेळही धरला पाहिजे. सेकंदाला १० मेगाबाइट या वेगाने दोन्ही कामांना मिळून १२,८०० सेकंद लागतात. एकूण २१,८०० सेकंद झाले आणि वेग साडेतेवीस मेगाबिटांवर आला. तरीही वाईट नाही.

मग एसटीत कमी काय आहे? कमी आहे ती संवादाची तत्परता. इंटरनेटवर प्रश्न विचारला की उत्तर सेकंदाच्या अंशात येते. एसटीने पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर यायला निदान पाच तास, आणि व्यवहारात पुढचा शनिवार. एका फेरीत किती माहिती जाते ही एक गोष्ट आणि उत्तराला किती वेळ लागतो ही दुसरी. या दोन राशी वेगळ्या आहेत हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला एसटीइतके चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. इंटरनेटविना लिनक्स बसवण्याची सगळी युक्ती एवढ्यातच आहे. जे प्रश्न यंत्र एरवी शंभर वेळा थोडे थोडे विचारते, ते सगळे एका फेरीत कसे विचारायचे?

ज्या खेड्यात आठवडी बाजार भरतो तिथल्या गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. जिरे आणायचे राहिले तर आठ दिवस बिनजिऱ्याची फोडणी. म्हणून ती बाजाराला जाण्यापूर्वी घरातला एकेक डबा उघडून यादी करते. आपण पहिल्या खेपेला यादीशिवाय बाजारात गेलेल्या माणसासारखे वागलो होतो.

लिनक्समधील प्रत्येक आज्ञावली 'पॅकेज' या गाठोड्यात बांधलेली असते. गाठोड्याला एक चिठ्ठी असते. तीवर नाव, आवृत्ती, आकार आणि मुख्य म्हणजे 'मला आधी कोण कोण लागते' हे लिहिलेले असते. चित्रे दाखवणाऱ्या आज्ञावलीला चित्रे उलगडणारी आज्ञावली लागते, तिला आकडेमोडीची, तिला आणखी कोणाची. ही साखळी कधी पाच कड्यांची तर कधी दोनशे कड्यांची असते. इंटरनेट असेल तर 'ॲप्ट' नावाची व्यवस्थापक-आज्ञावली ही साखळी परस्पर सोडवते, आणि आपल्याला ती दिसतही नाही. इंटरनेट नसताना एक गाठोडे हाताने नेले की ते दुसरे मागते, दुसरे नेले की तिसरे. दर मागणीला एक शनिवार. काही मित्रांनी याच कंटाळ्याने लिनक्स सोडून दिले, हे आम्ही पाहिले आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे पूर्ण प्रत नेणे. डेबियनच्या पहिल्या डीव्हीडीची प्रत चार गिगाबाइटच्या आसपास असते. खिडक्या, कार्यालयीन आज्ञावल्या, न्याहाळक असा नेहमीचा संसार तिच्यात असतो. डीव्हीडींमध्ये पॅकेजे कोणत्या क्रमाने भरायची हे ठरवताना ती जगभर किती संगणकांवर वापरली जातात याचा विचार केला जातो; सर्वांत लोकप्रिय ती पहिल्या चकतीवर. व्यवस्था शहाणपणाची आहे, पण जगाच्या आवडीनिवडीत मराठी टंक कोठे बसेल याची खात्री धरू नये. देवनागरी टंक आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाची सोय त्या चकतीवर आहे का हे घरच्या यंत्रावर आधी बसवून पाहावे. घरी हे करताना इंटरनेटची तार काढून ठेवावी, नाहीतर आमच्यासारखी फसगत होते.

दुसरा उपाय नंतर उपयोगी पडतो, जेव्हा यंत्र चालू झालेले असते आणि त्याला एखादी नवी आज्ञावली किंवा सुधारणा हवी असते. रितेश राज सराफ या भारतीय डेबियन-विकासकाने 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाची आज्ञावली लिहिली आहे. तिचे काम तीन टप्प्यांत चालते. शाळेतले यंत्र स्वतःचे डबे उघडून पाहते आणि काय काय हवे याची चिठ्ठी एका छोट्या फाइलमध्ये लिहून देते. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून जिथे इंटरनेट आहे तिथे न्यायची. तिथला संगणक विंडोजचा असला तरी चालतो. तो चिठ्ठीबरहुकूम सगळी गाठोडी उतरवून एका मोठ्या गाठोड्यात बांधतो. ते परत आणून शाळेच्या यंत्राला द्यायचे. यादी शाळेच्या यंत्रानेच का करायची? कारण त्याच्या घरात आधीपासून काय आहे हे अमरावतीच्या यंत्राला ठाऊक नसते. बाजारात उभे राहून घरातले डबे दिसत नाहीत. फक्त एक पथ्य पाळावे. ही आज्ञावली शाळेच्या यंत्रावर आधी हजर असावी लागते, म्हणून तिची पॅकेजे पहिल्याच फेरीत सोबत न्यावीत.

चार गिगाबाइटची प्रत मुळात उतरवायची कशी, हाही प्रश्न आहेच. सेकंदाला एक मेगाबिट वेग असेल तर ३२,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ नऊ तास लागतील. आपली जोडणी सरासरी एक तास टिकते असे समजा आणि ती तुटण्याची शक्यता प्रत्येक क्षणी सारखीच धरा. मग ती सलग नऊ तास न तुटण्याची शक्यता किती? बारावीचे विद्यार्थी हे गणित ओळखतील, कारण किरणोत्सारी ऱ्हासाचा नियमच इथे लागू होतो. ई चा उणे नववा घात घेतला की सुमारे आठ हजारांत एक एवढी शक्यता उरते. तुटल्यावर पहिल्यापासून सुरुवात करणारा न्याहाळक वापरला तर आठ हजार रात्री जागावे लागेल! म्हणून टॉरेंट ही पद्धत बरी. ती फाइलचे हजारो लहान तुकडे करते, प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र ताळा ठेवते, आणि जोडणी तुटली तर फार तर हातातला तुकडा वाया जातो. टॉरेंट हा शब्द चोरट्या सिनेमांमुळे बदनाम झाला आहे, पण त्यात टॉरेंटचा दोष नाही. डेबियन स्वतःच आपल्या प्रती त्या मार्गाने देते.

ताळा हा शब्द आलाच आहे, तर त्याकडे जरा थांबून पाहू. शाळेत आपण गुणाकार तपासायला नवाचा ताळा वापरत असू. ४७ गुणिले ३५ बरोबर १६४५. ४७ चे अंक मिळवून ११, पुन्हा मिळवून २; ३५ चे ८; दोन आठे सोळा, म्हणजे ७. आता १६४५ च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. ताळा जमला. पण चुकून १६५४ लिहिले तरी ताळा जमतोच! कारण उघड आहे. या ताळ्याला नऊच निकाल ठाऊक आहेत, आणि अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही.

फाइलींसाठी वापरतात तो 'शा-२५६' हा ताळा याच जातीचा, पण फार कडक. फाइल चार ओळींची असो वा चार गिगाबाइटची, तिचा घोटून घोटून २५६ बिटांचा एक आकडा काढला जातो. तो ६४ चिन्हांत लिहितात. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे. संभाव्य निकालांची संख्या दोनाचा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या. फाइलमधील एकच बिट पालटला तरी ताळ्यातले जवळजवळ निम्मे बिट बदलतात. विद्यार्थ्यांकडून हे करून घेण्यासारखे आहे. एका फाइलमध्ये आपले नाव लिहावे, ताळा काढावा, एक वेलांटी बदलावी, पुन्हा काढावा. हे लिनक्सवर आणि विंडोजवर, दोन्हीकडे इंटरनेटविना होते.

आमच्या दुसऱ्या फेरीत या ताळ्याने लाज राखली. नवीन घेतलेल्या पेनड्राइव्हवर ६४ गिगाबाइट लिहिलेले होते, पण प्रत्यक्षात त्याची क्षमता त्याहून फारच कमी होती. अशा पेनड्राइव्हवर फाइली चढताना काही तक्रार होत नाही, नावे आणि आकार बरोबर दिसतात, आतला मजकूर मात्र गेलेला असतो. निघण्यापूर्वी ताळा काढला म्हणून कळले. मूळ ताळा मात्र त्याच पेनड्राइव्हवरून वाचू नये, तो वेगळ्या वाटेने यावा. आम्ही तो अमरावतीच्या सहकाऱ्याकडून एसएमएसने मागवला. ६४ चिन्हे एका संदेशात सहज मावतात, आणि एसएमएस जायला खिडकीचा तो कोपरा पुरेसा असतो.

इथे एखादे सर विचारतील, आणि विचारावेच, की रस्त्यात पेनड्राइव्ह कोणाच्या हाती लागला आणि त्याने गाठोड्यात काही भलतेच घातले तर? याची सोय चांगली केलेली आहे. प्रत्येक गाठोड्याचा ताळा एका यादीत असतो, त्या यादीचा ताळा दुसऱ्या छोट्या यादीत असतो, आणि त्या छोट्या यादीवर डेबियनची अंकीय सही असते. सही तपासण्याची किल्ली यंत्र बसवतानाच त्याच्यात आलेली असते. म्हणजे गाठोडे कोणी आणले याला महत्त्व उरत नाही. परीक्षेच्या सीलबंद पाकिटाच्या बाबतीत पाकीट आणणाऱ्यावर थोडा तरी विश्वास ठेवावा लागतो. इथे तेवढाही नको. विश्वास एकदाच ठेवायचा, पहिली प्रत घेताना. म्हणून तिचा ताळा सर्वांत काळजीपूर्वक पाहायचा.

ही सही तपासताना एक मजेदार अडथळा आला. आम्ही एका यंत्रात पॅकेजांचा संग्रह ठेवला आणि बाकीची यंत्रे शाळेतल्याच तारांनी त्याला जोडली. (जाळे म्हणजे इंटरनेट नव्हे, हे मुलांना यातून आपोआप कळते. बाहेरची तार तुटलेली असली तरी खोलीतली बारा यंत्रे एकमेकांशी खुशाल बोलतात.) नऊ यंत्रांनी निमूटपणे गाठोडी घेतली. तीन अडून बसली. यादी अजून वैध झालेली नाही, असे त्यांचे म्हणणे. भविष्यकाळातली सही? पाहिले तर त्या यंत्रांच्या घड्याळात वीस वर्षांपूर्वीची तारीख होती. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल केव्हाच संपला होता. यंत्राच्या दृष्टीने त्याचे वागणे अगदी तर्कशुद्ध होते; आज २००५ साल असेल तर २०२५ ची सही खोटीच म्हणायची. इंटरनेट असते तर घड्याळ आपोआप जुळले असते आणि आम्हांला पत्ताही लागला नसता. तारीख हाताने घातली तेव्हा काम पुढे गेले. सेल नंतर अकोल्याहून आणले, घड्याळाच्या दुकानात मिळतात तेच. उलट बाजूनेही काळजी घ्यावी. सुरक्षा-सुधारणांच्या यादीला मुदत असते, आणि पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात महिनाभर पडून राहिला तर यंत्र ती यादी शिळी म्हणून नाकारते.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगतो. यंत्र फार जुने, ३२ बिटांचे असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ त्यावर बसवता येत नाही. २०२३ चे डेबियन १२ घ्यावे. त्याला २०२८ च्या मध्यापर्यंत सुधारणा मिळायच्या आहेत. वायफायची जुनी डोकेदुखी अशी होती, की वायफायच्या चिपला लागणारी आज्ञावली इंटरनेटवर आणि इंटरनेट वायफायवर. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन ही सामग्री अधिकृत प्रतीतच घालायचे ठरवले आणि डेबियन १२ पासून ती मिळते. तरीही अडलेच तर मोबाइल यूएसबीच्या तारेने जोडावा. यंत्राला तो बहुधा तारेच्या जाळ्यासारखाच दिसतो. बसवताना वीज गेली तर घाबरू नये, गाठोडी उलगडण्याचे काम अर्धवट राहिले असल्यास ते पुन्हा पुढे चालवता येते. डिस्कचे विभाग पाडताना मात्र वीज जाऊ नये. आम्ही तेवढ्यासाठी शेजारच्या खोलीतला इन्व्हर्टर मागून आणला. आणि विभाग पाडण्यापूर्वी शाळेचे जुने निकाल, फोटो, पत्रे कोठे आहेत हे तीन वेगवेगळ्या माणसांना विचारावे. एकाला विचारून भागत नाही.

तिसऱ्या शनिवारी दुपारी अकरा यंत्रे डेबियन १३ वर आणि एक डेबियन १२ वर चालू झाले. त्यांवर तारांगण दाखवणारे स्टेलारियम, भूमितीसाठी जिओजेब्रा, लहान मुलांसाठी जीकाँप्री आणि किविक्स या आज्ञावलीतून मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत घातली आहे. यांतल्या कशालाही इंटरनेट लागत नाही. शिपाईकाकांनी स्टेलारियमवर आपल्या गावचे त्या रात्रीचे आकाश पाहिले आणि "हाव, हे बराबर हाये" असा दाखला दिला.

आता शाळेची चिठ्ठी महिन्यातून एकदा निघते. अकोल्याला कामासाठी जाणारे कोणी ना कोणी असतेच, त्याच्यासोबत पेनड्राइव्ह जातो आणि भरून परत येतो. पहिल्या दोन चिठ्ठ्या सरांनी केल्या. तिसरी नववीच्या दोन मुलींनी केली, आणि तीत आवर्तसारणी दाखवणाऱ्या कॅल्झियम या आज्ञावलीची मागणी त्यांनी स्वतःहून घातली होती. एका यंत्राचे वायफाय अजून चालत नाही. ते तारेने जोडून ठेवले आहे.